लॅन्शिया ०३७ : टर्बोच्या काळात सुपरचार्जर निवडणारी गाडी

१९८३ सालच्या जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत उत्पादकांचे विजेतेपद इटलीच्या लॅन्शियाने ११८ गुणांनी पटकावले आणि जर्मनीच्या आउडीला ११६ गुणांवर थांबावे लागले. लॅन्शियाच्या '०३७' या गाडीत इंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळत होती आणि इंजिनात जादा हवा भरण्यासाठी, इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा सुपरचार्जर बसवलेला होता. आउडी क्वाट्रोच्या चारही चाकांना शक्ती मिळत होती आणि तिच्या इंजिनावर टर्बोचार्जर, म्हणजे हेच काम धुराड्यातल्या वायूंच्या जोरावर करणारे यंत्र, होते. त्या वर्षानंतर दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीला हे विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही, त्यामुळे या लढतीची चर्चा बहुधा दोन चाके विरुद्ध चार चाके अशीच होते. त्याच गाडीतला दुसरा निर्णय, म्हणजे सगळे टर्बोकडे वळत असताना सुपरचार्जर घेण्याचा, मला अभ्यासासाठी अधिक मोलाचा वाटतो. कारण याच कंपनीने पुढच्या चार-पाच वर्षांत आधी दोन्ही यंत्रे एकत्र वापरली आणि शेवटी सुपरचार्जर सोडून निव्वळ टर्बो स्वीकारला. एकाच प्रश्नाला एकाच कंपनीने अशी तीन वेगवेगळी उत्तरे दिली आणि माझ्या मते तिन्ही त्या त्या वेळी योग्य होती. ती योग्य का होती, हे नीट उलगडले की कोणत्याही गाडीसाठी या दोहोंतून निवड कशी करावी हे पुष्कळसे स्पष्ट होते.

१९८० ची परिस्थिती

लॅन्शिया १९६९ पासून फियाटच्या मालकीची होती आणि शर्यतीच्या गाड्या घडवणारी अबार्थ १९७१ पासून. या समूहाचा रॅलीतला दबदबा मोठा होता: लॅन्शिया स्ट्रॅटोसने १९७४, १९७५ आणि १९७६ ची, तर फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० ची विजेतेपदे मिळवली होती. या दोन्ही गाड्यांची यशस्वी इंजिने वातावरणाच्या साध्या दाबाने हवा ओढणारी होती. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडीने क्वाट्रो मांडली आणि १९८१ च्या हंगामात हान्नू मिक्कोलाने स्वीडनच्या बर्फात तिला पहिला विजय मिळवून दिला. त्याच वर्षी इटलीतल्याच सान रेमोच्या रॅलीत मिशेल मुतोन हिने क्वाट्रो पहिली आणली आणि जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. तुरिनमध्ये, फियाटच्या मुख्यालयात, बसलेल्या मंडळींना हा इशारा पुरेसा होता.

दुसरीकडे १९८२ पासून 'ग्रुप बी'चे नवे नियम लागू होणार होते. त्यानुसार बारा महिन्यांत केवळ २०० गाड्या बनवल्या की ती गाडी स्पर्धेस पात्र ठरत होती, म्हणजे रॅलीसाठीच मुळापासून गाडी रचण्याची मुभा मिळत होती. चेझारे फिओरिओ यांच्या नेतृत्वाखालच्या संघाने आणि सेर्जिओ लिमोने यांच्यासारख्या अबार्थच्या अभियंत्यांनी ही मुभा पुरेपूर वापरली. बेटा मॉन्टेकार्लो या विक्रीतल्या गाडीचा मधला भाग घेऊन त्याच्या पुढे-मागे नळ्यांचा सांगाडा जोडला गेला, बाहेरचे अंग पिनिनफारिनाने रेखले, आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवण्यात आले. हे इंजिन नवे नव्हते. फेरारी सोडून फियाटमध्ये आलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी साठच्या दशकात रचलेले, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असलेले ते चार सिलिंडरचे इंजिन होते. १,९९५ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, वर्षानुवर्षे रॅलीत घासून-पुसून भरवशाचे झालेले.

चारही चाकांना शक्ती देण्याची यंत्रणा त्या वेळी लॅन्शियाच्या हाताशी नव्हती आणि तिचे वजन व गुंतागुंत पत्करण्याची तयारीही नव्हती. दोन चाके हे एकदा ठरल्यावर उरलेला प्रश्न असा होता: दोन लिटरच्या या इंजिनातून क्वाट्रोच्या तोडीची ताकद काढायची, तर हवा कोंबायची कशाने?

दोन यंत्रे

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे स्वतःच्या आकारमानाइतकी हवा घेते, आणि जेवढी हवा तेवढेच इंधन जाळता येते. हवा दाबून भरली तर त्याच आकारमानात अधिक हवा मावते, एवढेच या दोन्ही यंत्रांचे मूळ काम. फरक आहे तो दाबण्यासाठी लागणारी शक्ती कुठून आणायची यात.

टर्बोचार्जर ती शक्ती धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतून काढतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ती हीच कल्पना. पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान जोराच्या चालीत ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे एक-तृतीयांश भाग त्यांच्याबरोबर वाया जातो. त्यातला काही भाग एका छोट्या टर्बाइनला फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. पण इंजिन मंद चालत असेल तर वायूंचा झोत अपुरा पडतो आणि चाक नुसतेच गरगरत राहते, दाब तयार होत नाही.

०३७ वरचा 'व्होलुमेक्स' हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर होता. ही रचना मोटारीपेक्षाही जुनी; अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी तिचे पेटंट १८६० मध्ये घेतले होते. एका लंबगोल पेटीत मधे बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर असे दोन रोटर समांतर दांड्यांवर बसवलेले असतात. ते एकमेकांना स्पर्श न करता, पण केसभर अंतर राखून, विरुद्ध दिशांना फिरतात. रोटरचा फुगवटा आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये हवेचा एक ठरावीक घास सापडतो आणि तो पलीकडे ढकलला जातो. पेटीच्या आत हवा दाबली जातच नाही. इंजिन जेवढी हवा गिळू शकते त्यापेक्षा जास्त घास पलीकडे जाऊन पडतात आणि तिथे दाब साठतो. दांडा पट्ट्याने क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेला असल्यामुळे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यामागे घासांची संख्या ठरलेली असते. मिनिटाला २,५०० फेऱ्यांना असो वा ७,००० ला, मनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब साधारण सारखाच मिळतो, आणि तो अॅक्सिलरेटर दाबताक्षणी मिळतो.

फियाट समूहाला हे यंत्र परके नव्हते. १९२३ च्या इटालियन ग्रां प्रीमध्ये विजयी झालेली फियाट ८०५ ही ग्रां प्री जिंकणारी पहिली सुपरचार्जरची गाडी होती. त्यानंतर मधली कित्येक दशके हे यंत्र मागे पडले होते, तरी १९८१ मध्ये अबार्थने फियाट १३१ ची व्होलुमेत्रिको ही आवृत्ती आणली आणि पाठोपाठ लॅन्शिया बेटाच्या 'व्हीएक्स' आवृत्तीत हेच तंत्र १३५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर सर्वसामान्य ग्राहकालाही मिळू लागले. म्हणजे माहिती, सुटे भाग आणि अनुभव हे तिन्ही घरातच होते, आणि ज्या संघाला काही महिन्यांत गाडी उभी करायची असते त्याच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

नियमांचा हिशेब

सुपरचार्जर की टर्बो हे ठरवताना नियमपुस्तिका कुणाच्या बाजूने झुकते आहे का, हे पाहणे क्रमप्राप्त होते. ती झुकत नव्हती. दाबाने हवा भरणाऱ्या कोणत्याही इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणायचे आणि आलेल्या आकड्यावरून त्या गाडीचे किमान वजन ठरवायचे, असा नियम होता. दाब टर्बोने आणला की पट्ट्याने, याच्याशी नियमाला देणेघेणे नव्हते. ०३७ चे १,९९५ सीसी गुणिले १.४ म्हणजे २,७९३. तीन लिटरच्या वर्गात ती सहज बसत होती आणि त्या वर्गाचे किमान वजन ९६० किलो होते. क्वाट्रोच्या २,१४४ सीसी इंजिनाचा गुणाकार मात्र ३,००१.६ येत होता, म्हणजे अवघ्या दीड-पावणेदोन सीसीने ती वरच्या, जड वर्गात ढकलली जात होती. आउडीने पुढे इंजिन २,१०९ सीसीचे केले ते याचसाठी. उलट लॅन्शियाकडे वर जायला जागा शिल्लक होती, आणि १९८४ च्या आवृत्तीत त्यांनी इंजिन २,१११ सीसीपर्यंत नेले तेव्हा गुणाकार २,९५५ वर थांबला.

थोडक्यात, नियमांनी दोन्ही यंत्रांना सारखाच दंड लावला होता. त्यामुळे निर्णय रस्त्यावर कोणते यंत्र कसे वागते यावरच व्हायचा होता.

वळणातून बाहेर पडताना

कोर्सिका बेटावरच्या रॅलीला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. अरुंद डांबरी रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि एक हेअरपिन (उलट फिरवणारे तीव्र वळण) संपते न संपते तोच पुढची. अशा वळणाला गाडी दुसऱ्या, क्वचित पहिल्या गिअरवर येते, इंजिनाचे फेरे खाली पडतात, आणि चालकाला वळणाच्या मध्यापासूनच पुन्हा जोर लागतो.

त्या काळच्या टर्बोच्या इथे दोन वेगळ्या अडचणी होत्या. पहिली अशी की ठरावीक फेऱ्यांच्या खाली कितीही थांबले तरी दाब मिळतच नाही. दुसरी अशी की त्या फेऱ्यांच्या वर असतानाही अॅक्सिलरेटर दाबल्यापासून टर्बाइन वेग पकडेपर्यंत काही काळ जातो. आपल्याकडे फियाटचेच, पुण्याजवळच्या रांजणगावला पूर्वी बनणारे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन ज्यांनी आंबेनळीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात चालवले आहे त्यांना यातली पहिली अडचण अंगवळणी पडलेली असते: २,००० फेऱ्यांच्या खाली गाडी दम खाते, आणि त्या वर गेली की एकदम उचलते. रोजच्या गाडीत गिअर एकाने उतरवला की भागते. रॅलीच्या गाडीत मात्र तीच 'एकदम उचलण्याची' क्रिया धोक्याची ठरते, कारण चालकाने जोर मागितला वळणाच्या मध्यावर आणि तो मिळाला वळण संपता संपता, तोही मागितल्यापेक्षा जास्त.

चार चाकांवर ही उसळी वाटली जाते. प्रत्येक टायरच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो, पकड सुटली तरी चारही चाके थोडीथोडी घसरतात आणि गाडी पुढेच ओढली जाते. क्वाट्रोचे चालक तर डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्या पायाने अॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवत, जेणेकरून वळणातही टर्बाइन फिरते राहावे. मागच्या दोनच चाकांवर तीच उसळी आली असती तर गाडीचे शेपूट बाहेर फेकले गेले असते आणि पुढचे सेकंद ते सावरण्यात गेले असते. सुपरचार्जरचा जोर पायाच्या दाबाच्या प्रमाणात आणि त्याच क्षणी येतो, त्यामुळे टायर कुठवर साथ देईल तिथवरच जोर देणे चालकाच्या हाती राहते. ०३७ ला कमी पडणारी गोष्ट ताकद नव्हती, पकड होती. आणि जिथे पकड तोकडी असते तिथे प्रत्येक हॉर्सपॉवर किती नेमकेपणाने वापरता येते याला तिच्या संख्येपेक्षा अधिक किंमत येते. टर्बो आणि चार चाके ही एक जोडी, सुपरचार्जर आणि दोन चाके ही दुसरी, असे या प्रकरणाचे गणित मला दिसते. यांपैकी एकाच घटकाची अदलाबदल केली असती तर दोन्ही गाड्या बिघडल्या असत्या.

याखेरीज उष्णतेचाही प्रश्न होता. चालकाच्या पाठीमागच्या अरुंद जागेत लालभडक तापणारा टर्बो ठेवायचा, त्याला तेल आणि थंडावा पुरवायचा आणि त्याच्या शेजारून जाणाऱ्या सगळ्या नळ्या-तारा वाचवायच्या, हे काम सोपे नसते. सुपरचार्जर इंजिनाच्या थंड बाजूस बसतो आणि धुराड्याच्या बाजूला हातच लावावा लागत नाही.

सुपरचार्जरची किंमत

हे सगळे फुकट मिळत नव्हते. पट्ट्यावरचे यंत्र फिरवायला लागणारी शक्ती थेट क्रँकशाफ्टमधून, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या वाट्यातून जाते. किती, याचा ढोबळ अंदाज करता येतो. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेते आहे, बाहेरची हवा २० अंश आहे, वातावरणाहून ०.९ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका) जास्त दाब हवा आहे आणि रूट्स यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के आहे असे धरले, तर यंत्रातून बाहेर पडणारी हवा जवळपास १२० अंशांपर्यंत तापते आणि यंत्राला सुमारे ३० हॉर्सपॉवर लागतात. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब जवळजवळ दुप्पट होऊनही हवेचे वस्तुमान मात्र सुमारे १.४ पटच वाढते. ०३७ वर इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारे उपकरण, नव्हते. वाढत्या दाबाबरोबर येणारी उष्णता आवरण्यासाठी पाण्याचा फवारा मारण्याचा उपाय वापरावा लागला.

खरा अडसर याच्याही पुढे आहे. टर्बोच्या कंप्रेसरमध्ये हवा क्रमाक्रमाने दाबली जाते, तर रूट्समध्ये पलीकडची दाबलेली हवा उलट घुसून नव्या घासाला एका झटक्यात दाबते. कमी दाबाला हा फरक सोसतो. दाब वातावरणाच्या तिपटीवर न्यायचा म्हटले तर रूट्समधून निघणारी हवा २०० अंशांच्या पलीकडे जाते आणि इंजिनात ती वेळेआधीच पेटण्याचा धोका उभा राहतो. म्हणून या यंत्राला एक छत असते. ०३७ च्या रस्त्यावरच्या आवृत्तीत २०५ हॉर्सपॉवर होते, स्पर्धेच्या गाडीत सुरुवातीला अडीचशेच्या आसपास, पुढे तीनशेच्या घरात, आणि २,१११ सीसीच्या शेवटच्या आवृत्तीत ३२५. त्यापुढे वाट नव्हती. टर्बोच्या बाजूला त्याच काळात साडेतीनशे ही सुरुवात होती आणि १९८५ च्या आउडी स्पोर्ट क्वाट्रो एस-१ च्या शेवटच्या आवृत्तीने ४७० चा आकडा ओलांडला.

हे छत निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांनी दोन हंगामांपुरती गाडी बनवली, आणि त्या मुदतीत छत आड येणार नाही एवढेच पाहिले.

१९८३ चा हंगाम

मे १९८२ मध्ये कोर्सिकात ०३७ जागतिक स्पर्धेत उतरली. ते वर्ष शिकण्यात गेले. १९८३ साठी लॅन्शियाने व्हाल्टर रोर्ल यांना मार्कू आलेन यांच्या जोडीला आणले. रोर्ल यांनी आदल्याच वर्षी ओपेल अस्कोना ४०० या मागची दोन चाके चालणाऱ्या, बिनटर्बोच्या गाडीत चालकांचे अजिंक्यपद मिळवले होते.

हंगामाच्या बारा रॅलींपैकी पाच लॅन्शियाने आणि पाच आउडीने जिंकल्या. मॉन्टे कार्लो, ग्रीसची अॅक्रोपोलिस आणि न्यूझीलंड या तीन रोर्ल यांनी, कोर्सिका आणि सान रेमो या दोन आलेन यांनी. स्वीडन, पोर्तुगाल, अर्जेंटिना, फिनलंड आणि ब्रिटन आउडीकडे गेल्या. ही यादी नीट पाहिली तर निर्णयाची तर्कसंगती दिसते. बर्फाच्या स्वीडनमध्ये चार चाकांचा निर्विवाद फायदा होता आणि तिथे लॅन्शियाने आपला संघ उतरवलाच नाही. मॉन्टे कार्लोचा बराचसा रस्ता त्या वर्षी कोरडा निघाला आणि पहिले दोन क्रमांक ०३७ चे आले. ग्रीस आणि न्यूझीलंडमध्ये मात्र रस्ता खडी-मातीचा, म्हणजे कागदावर क्वाट्रोचा होता. तिथले विजय मला अधिक बोलके वाटतात. त्या वर्षी आउडी वारंवार बिघाडाने मागे पडत होती आणि साधी, हलकी, कमी तापणारी गाडी शेवटपर्यंत टिकत होती. चालकांचे अजिंक्यपद आउडीच्या मिक्कोलाला मिळाले, उत्पादकांचे लॅन्शियाला.

यश किती काठावरचे होते हे विसरता कामा नये. दोन गुणांचा फरक, रोर्लसारखा चालक, मॉन्टेचे कोरडे डांबर, प्रतिस्पर्ध्याचे बिघाड: यांतले एकही नसते तर निकाल फिरला असता. म्हणून या निकालावरून 'सुपरचार्जर टर्बोपेक्षा सरस' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एवढेच म्हणता येते की ज्या गाडीत तो बसवला होता तिच्यासाठी तो टर्बोपेक्षा सरस होता.

अटी बदलल्या

१९८४ मध्ये ०३७ ने एकच जागतिक रॅली जिंकली, कोर्सिकाची. तिथेच पहिल्यांदा उतरलेल्या पूजो २०५ टी-१६ मध्ये इंजिन मध्यभागी होते, चारही चाकांना शक्ती होती, टर्बो होता, आणि १,७७५ गुणिले १.४ म्हणजे २,४८५ सीसी, अर्थात अडीच लिटरचा हलका वर्ग होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तिने तीन रॅली जिंकल्या आणि १९८५ चे विजेतेपदही. आता लॅन्शियालाही चार चाकांवर यावेच लागणार होते, आणि त्याबरोबर पहिल्या निर्णयाचा पायाच निघून गेला. पकड भरपूर झाली की तोकडी पडते ती ताकद, आणि ताकदीला सुपरचार्जरचे छत होते.

क्लाउदिओ लोम्बार्दी यांनी डेल्टा एस-४ साठी रचलेल्या १,७५९ सीसीच्या इंजिनाचे उत्तर धाडसी होते: दोन्ही. व्होलुमेक्स आणि टर्बो एकामागोमाग जोडलेले, मधे दोन इंटरकूलर, आणि टर्बोचा दाब पुरेसा झाला की सुपरचार्जरला वळसा घालून हवा पुढे सोडणारा व्हॉल्व्ह. खालच्या फेऱ्यांना पट्टा, वरच्या फेऱ्यांना धुराडे. स्पर्धेच्या गाडीत ४८० च्या आसपास हॉर्सपॉवर मिळाले, किमान वजन ८९० किलोंच्या वर्गात. नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या पहिल्याच रॅलीत हेन्री तोइवोनेन यांनी ती पहिली आणली, जानेवारी १९८६ मध्ये मॉन्टे कार्लोही जिंकली. २ मे १९८६ रोजी कोर्सिकात त्यांची गाडी रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. तोइवोनेन आणि सहचालक सेर्जिओ क्रेस्तो दोघेही दगावले. एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच रॅलीत आत्तिलिओ बेत्तेगा ०३७ मध्ये गेले होते. वर्षअखेरीस ग्रुप बी बंद झाला.

एस-४ चे मूल्यमापन करताना मी थोडा साशंक असतो. तांत्रिकदृष्ट्या तिने टर्बोचा उशीर आणि सुपरचार्जरचे छत हे दोन्ही दोष एकाच वेळी दूर केले. पण दोन यंत्रे, दोन थंडाव्याच्या वाटा, त्यांना जोडणारे व्हॉल्व्ह आणि नळ्या यांचे वजन आणि बिघडण्याच्या जागा तिला सोबत वाहाव्या लागल्या. आणि १९८६ चे उत्पादकांचे विजेतेपद नुसता टर्बो असलेल्या पूजोनेच नेले.

तिसरा निर्णय १९८७ चा. ग्रुप बीच्या जागी आलेल्या ग्रुप ए मध्ये हजारोंनी विकल्या जाणाऱ्या गाडीवरच स्पर्धेची गाडी आधारावी लागत होती आणि शक्तीला ३०० हॉर्सपॉवरची मर्यादा अपेक्षित होती. डेल्टा एचएफ फोरडब्ल्यूडी या गाडीत तेच लाम्प्रेदींचे १,९९५ सीसीचे घराणे होते, पण वर फक्त गॅरेटचा टर्बो. चार चाके असल्यामुळे उसळीची भीती नव्हती, शक्तीची मर्यादा असल्यामुळे टर्बो लहान ठेवता येत होता आणि लहान टर्बो लवकर जागा होतो. ग्राहकाला विकायच्या गाडीत खर्च व पेट्रोल यांचाही विचार होताच. ही डेल्टा आणि तिच्या पुढच्या इंटेग्राले आवृत्त्या यांनी १९८७ ते १९९२ अशी सलग सहा विजेतेपदे मिळवली.

आजच्या निवडीकडे

विक्रीच्या गाड्यांत हाच प्रवास नंतर पुष्कळांनी केला. आपल्याकडे सी २०० कॉम्प्रेसर म्हणून ओळखली गेलेली मर्सिडीझ घ्या: तिच्या १.८ लिटरच्या एम २७१ इंजिनावर आधी सुपरचार्जर होता आणि पुढच्या आवृत्तीत त्याच इंजिनावर टर्बो आला. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनावर एस-४ सारखी दोन्ही यंत्रे बसवली, सुपरचार्जरला चुंबकीय क्लच दिला, आणि काही वर्षांनी नुसत्या टर्बोवर परतली. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणे, व्हॉल्व्हची वेळ बदलणे आणि दोन कप्प्यांची टर्बाइन यांमुळे टर्बो १,५०० फेऱ्यांच्या सुमारास दाब देऊ लागला, आणि १९८१ मध्ये सुपरचार्जरच्या बाजूने जो सर्वांत मोठा मुद्दा होता तोच पातळ झाला. पट्ट्याने खाल्लेली शक्ती मात्र तशीच राहिली, आणि इंधनाच्या चाचण्या कडक होत गेल्या तसतशी ती अधिक सलू लागली.

म्हणून नवी, कारखान्यातून आलेली गाडी घेताना ही निवड आज जवळपास उरलेलीच नाही, टर्बोच मिळतो आणि तो घ्यावा. प्रश्न उरतो तो शर्यतीच्या मैदानासाठी जुने, साध्या दाबाचे इंजिन सजवणाऱ्यांचा. त्यांनी ०३७ चेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: शक्ती कोणत्या चाकांना जाते, त्यांची पकड कुठे संपते, इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांना चालणार, आणि दाब किती हवा. मागची दोन चाके, वळणावळणाचा मार्ग आणि अर्ध्या बारच्या आसपासचा दाब असेल तर सुपरचार्जर अजूनही माझी पहिली पसंती राहील; धुराड्याची बाजू मोडावी लागत नाही आणि पायाखाली जोर कधी येईल याची खात्री असते. एक बारच्या वर जायचे असेल तर टर्बो आणि चांगला इंटरकूलर यांना पर्याय नाही.

त्यात आपल्या हवेचा एक मुद्दा युरोपातल्या आकड्यांवरून लक्षात येत नाही. वर केलेला हिशेब २० अंशांच्या हवेचा होता. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना तोच रूट्स सुपरचार्जर तोच ०.९ बार दाब देताना हवा १५० अंशांपर्यंत नेतो. अर्ध्या बारवर ठेवला तर ती ११० अंशांच्या सुमारास राहते. विदर्भात गाडी चालवणाऱ्याने परदेशी सुपरचार्जर-संचाच्या खोक्यावर छापलेला दाब जसाच्या तसा न घेता तो उतरवावा, किंवा इंटरकूलरची जागा आणि खर्च आधीच धरून ठेवावा.